जुन्या दुखण्याची विचारपूस कशी करायची?

मृण्मयी_वाई:
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घर चांगलं, नवरा समजूतदार, मुलगा मार्गाला लागलाय. सकाळी प्राणायाम, थोडा जप, सगळं नेमाने चालू असतं. शाळेत सगळे म्हणतात मॅडम किती शांत आहेत.

२०२४ ला सरकारने मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. त्यानंतर एक दिवस माझ्या हाताखाली चौथी झालेल्या एका मुलीची आई शाळेत पेढे घेऊन आली. पोरीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली होती. मला खराखुरा आनंद झाला, त्या पोरीचे पाढे मी घोकून घेतलेत. पेढा खाल्ला, फोटो काढला, आशीर्वाद दिला. आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ मोठा सोडून रडले, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

१९९६ ला मी बारावी सायन्स झाले. दादापेक्षा मला मार्क जास्त होते. पण दादा तेव्हा विनाअनुदानित कॉलेजात इंजिनिअरिंग करत होता, त्याच्या फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं, आणि अप्पा म्हणाले एकाचंच होईल. मला डीएडला घातलं. कुणी मारलं नाही, कुणी टाकून बोललं नाही, नोकरीही चांगली लागली आणि मुलांना शिकवायला मला मनापासून आवडतं. म्हणून आजवर मी स्वतःला हेच सांगत आले की याची तक्रार करणं म्हणजे कृतघ्नपणा. पण ते आत आहे. दादाच्या घरी गेलं की ते जागं होतं, जपाला बसलं की मण्यामण्यात मध्येच येतं.

मला विचारायचंय की अशा दुखण्याचं करायचं काय? लोक म्हणतात त्याच्याकडे लक्ष दे म्हणजे शांत होशील. लक्ष देणं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि अप्पा आता ७९ वर्षांचे आहेत, त्यांना हे सांगायचं का?

सोनचाफा:
वाचतेय.

सह्यवेडा:
ताई, राग मानू नका पण माझं मत वेगळं आहे. जुनं उकरून हाती काही लागत नाही. माझे वडील मी सहावीत असताना गेले. आईने शिवणकाम करून आम्हा तिघांना वाढवलं, आमच्या मनाची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती आणि आमचं काही अडलंही नाही. फार झालं की सॅक पाठीवर टाकायची आणि राजगड गाठायचा. पाली दरवाजातून वर पद्मावती माचीवर पोचेपर्यंत डोकं रिकामं होतं. संजीवनी माचीच्या टोकाला तासभर बसून बघा, याहून वेगळी शांती कुठे असेल असं वाटत नाही.

अवनी_डोंबिवली:
सह्यवेडा, राजगड मलाही आवडतो, पण खाली उतरल्यावर सोमवार असतोच ना!

मृण्मयी, 'कुणी मारलं नाही' हे तुमचं वाक्य वाचून थांबले. दुखायला मारच बसावा लागतो असं नाही हो. माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. घरातले सगळे म्हणाले दुसरं होईल, आणि झालंही, आता ती नववीत आहे. पण त्या पहिल्याबद्दल घरात परत कुणी अवाक्षर काढलं नाही, जणू काही घडलंच नव्हतं. मी चिडचिडी झाले, का ते मलाही कळायचं नाही.

मग कुठेतरी जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाबद्दल वाचलं. त्यांनी १९८० च्या दशकात कॉलेजच्या मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला सगळ्यात जास्त लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. काय झालं तेही लिहायचं आणि काय वाटलं तेही. लिहून उठल्यावर मुलांना उलट जास्त वाईट वाटत होतं. पण पुढच्या काही महिन्यांत ती मुलं, साध्यासुध्या विषयांवर लिहिणाऱ्या मुलांपेक्षा, कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेली. म्हटलं करून बघू. मुलगी क्लासला गेली की वही घेऊन बसायचे. सुरुवातीला नुसते वार आणि डॉक्टरांच्या तारखा लिहिल्या, मग एकदम लिहून गेले की मला त्याचं तोंड बघायचं होतं आणि मला बघू दिलं नाही. तिथे पेन थांबलं.

ती वही नवऱ्याने वाचली, मीच दिली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना एक पाकीट घेऊन आला, त्यात सोनोग्राफीचा तो फिकट पडलेला कागद होता. इतकी वर्षं त्याने ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. त्या रात्री आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र रडलो.

केतकी_केवडा:
अवनी... 🙏 काय लिहू कळत नाहीये.

निशिकांत_एम:
अवनीताई, फार भिडलं.

माझा अनुभव विपश्यनेचा. इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा, वही-पेनसुद्धा चालत नाही. सुरुवातीचे दिवस नुसता श्वास बघायचा, त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना. मी गेलो होतो डोकं शांत करायला आणि निम्मं शिबिर होईपर्यंत बांधाच्या भांडणात चुलतभाऊ काय काय बोलला होता ते अक्षर न् अक्षर डोक्यात वाजायला लागलं. छातीत जाळ, गुडघ्यात कळा. सहायक आचार्यांना विचारायला गेलो तर म्हणाले, फक्त बघा, ढकलू नका, धरूनही ठेवू नका. चिडलोच मी, म्हटलं हे काय उत्तर झालं? पण नंतर एका बैठकीत लक्षात आलं की छातीतली आग आधी वाढते, मग सरकते, मग विरते, आणि तेवढ्या वेळात मी चुलतभावाला काहीही केलेलं नसतं. घरी आल्यावर बांध तिथेच आहे, चुलतभाऊही तसाच आहे. मी मात्र त्याची गाडी दिसली की आता घरात वळत नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. ज्यांना तीव्र डिप्रेशन वगैरे आहे किंवा उपचार चालू आहेत त्यांनी उठून शिबिराला जाऊ नये. फॉर्ममध्ये त्याबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. दहा दिवस मौनात आपलं दुखणं अंगावर आलं तर ते झेपणारं असलं पाहिजे.

खवय्या_नाशिक:
निशिकांत संध्याकाळच्या चुरमुऱ्यांबद्दल काहीच बोलले नाहीत! माझं तर सगळं ध्यान पिठलं-भाकरीवर लागायचं. बाकी अनुभव सेम.

जोशीकाका_मिरज:
माझं वय ७४. तुमच्या अप्पांच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

१९९६ सालचं घर डोळ्यांसमोर आणा. सोसायटीचं कर्ज, एक पगार किंवा पावसावरची शेती, आणि मुलाच्या शिक्षणावर अख्ख्या घराचं म्हातारपण टांगलेलं. बापाने मुलीला नोकरीची हमी असलेल्या लायनीला घातलं हेही त्या काळी थोडं नव्हतं, बारावी झाली की लग्नं लावून देत होते. आता ७९ व्या वर्षी त्यांना हिशोब विचारून काय मिळणार? ज्ञानेश्वर माउली जगाच्या बोलण्याने दुखावून झोपडीची ताटी लावून बसले तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने काय सांगितलं? की जग आगीसारखं रागावलं तरी संतांनी पाणी व्हावं. सोडून द्यावं बेटा.

रेवा_डब्लिन:
काका, तुमचा मान ठेवून बोलते. मुक्ताबाईंनी सांगितलं ते खरंच, पण त्या आधी बंद दारापर्यंत चालत आल्या आणि दाराशी उभ्या राहून पुन्हा पुन्हा विनवत राहिल्या. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' म्हणून घरात कामाला लागल्या नाहीत. मृण्मयीताईंच्या दाराशी इतक्या वर्षांत कुणी आलं का? सोडून दे म्हणणारे चिक्कार भेटतात, आधी बस आणि सांग म्हणणारं कुणी तरी पाहिजे ना.

आणि परिस्थिती समजते म्हणून दुखत नाही असं होत नाही. अप्पांचा नाइलाज होता हे खरं आहे आणि ताईंचं राहून गेलं हेही खरं आहे. मी इथे आयर्लंडमध्ये एका थेरपिस्टकडे जात होते, इंग्रजीत आईबद्दल अगदी व्यवस्थित मुद्देसूद बोलायचे, डोळ्यांत टिपूस नाही. मग पुण्याच्या एका मराठी समुपदेशक बाईंशी ऑनलाइन बोलायला लागले. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं, आई तुला काय म्हणून हाक मारायची गं? संपलं, पुढचा अर्धा तास मी बोलूच शकले नाही.

सह्यवेडा:
रेवा, पॉइंट आहे. पण सगळ्यांनाच बोलून बरं वाटतं असंही नाही. माझी आई आजही वडिलांबद्दल बोलत नाही. मशीन चालू करते आणि शिवत बसते. तिला मी खुर्चीवर बसवून 'बोल' म्हणू का?

रेवा_डब्लिन:
नाही, असं कुणाला बोलायला लावू नये. शेजारी जाऊन बसता येतं.

प्रॅक्टिकल_पम्या:
एवढी चर्चा कशाला? मुक्त विद्यापीठ आहे नाशिकला, १९८९ पासून आहे. मृण्मयीताई, डिग्री राहिली होती ना, करून टाका आता. मनातला सल कायमचा जाईल.

मृण्मयी_वाई:
इतके प्रतिसाद! सगळ्यांचे वाचलेत, काही दोनदा.

पम्या, तुमचा हेतू चांगला आहे ते कळतं, पण मला आता डिग्री नकोय. खरं सांगायचं तर तेव्हाही मला निर्णयापेक्षा जास्त हे लागलं होतं की मला कुणी विचारलंच नाही. निकाल लागला त्या संध्याकाळी अप्पा आणि दादा ओट्यावर बसून बोलले आणि मला आईने पोळ्या लाटताना सांगितलं, तुझं डीएडचं ठरलंय. मी लाटत राहिले. कुणी एवढं जरी म्हणालं असतं की बाळा तुला वाईट वाटत असेल, तरी मी डीएडला हसत गेले असते असं वाटतं. हे मी आत्ता टाइप करताना पहिल्यांदा असं मांडतेय.

काका, तुमचं बरोबर आहे, अप्पांकडे पैसा नव्हता. मी त्यांच्यावर चिडलेले नाही. म्हणूनच जास्त गोंधळ होतो, चिडलेले नाही तर मग दुखतं का?

शर्वरी_समुपदेशक:
मी व्यवसायाने समुपदेशक आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण मृण्मयी यांच्या मूळ प्रश्नाला हात घालते, 'लक्ष देणं म्हणजे नेमकं काय'.

आधी लक्ष देणं काय नाही ते सांगते, कारण सह्यवेडा यांची भीती अगदीच खोटी नाही. तेच तेच घोळवत बसणं म्हणजे लक्ष देणं नव्हे. माझ्याच बाबतीत असं का, मी अशीच का, त्यांनी असं केलं नसतं तर... यात माणूस तासन् तास फिरतो आणि होता तिथेच राहतो. सुझन नोलन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा याच विषयावर मोठा अभ्यास आहे. कॅलिफोर्नियात १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये मोठा भूकंप झाला, त्याच्या आधी योगायोगाने त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. ज्या मुलांना आधीपासून मनात घोळवत बसायची सवय होती त्यांच्यात भूकंपानंतर उदासीची लक्षणं जास्त दिसली. म्हणजे दुखण्याभोवती फेऱ्या मारून बरं वाटत नाही, जवळ जाऊन थांबावं लागतं.

जवळ जाणं म्हणजे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आपण हात ठेवतो ना, तसं. त्याला आपण 'ताप का आणलास' विचारत नाही. ते बाथरूममधलं रडू आलं तेव्हा घशात आवंढा होता की छातीत दाटलं होतं, एवढं आधी बघायचं. मग त्याला नाव द्यायचं, नुसतं 'कसंतरी होतंय' म्हणून सोडायचं नाही. राग आहे? अपमान वाटला? एकटं वाटलं? भावनेला नेमकं नाव दिलं की मेंदूतला धोक्याची सूचना देणारा भाग थोडा शांत होतो असं २००७ च्या एका मेंदू-स्कॅनच्या अभ्यासात दिसलंय. आणि मग त्या पोळ्या लाटणाऱ्या मुलीला तेव्हा काय हवं होतं ते विचारायचं. मृण्मयी, हे काम तुम्ही वरच्या प्रतिसादात केलंयसुद्धा. तुम्हाला कुणी विचारायला हवं होतं. तुम्ही राग शोधत होता म्हणून काही सापडत नव्हतं, ते दुःख आहे. न मिळालेल्या गोष्टीचंही दुःख करावं लागतं, आणि त्याला ना दहावा असतो ना तेरावा, कुणी भेटायला येत नाही.

अप्पांना सांगायचं का, हे नंतर ठरवा. सांगून त्यांनी अमुक म्हणावं अशी अपेक्षा असेल तर अजून थांबा. फक्त आपल्याला सांगायचंय, पलीकडून काहीही आलं तरी चालेल, असं वाटेल तेव्हा बघा.

केतकी_केवडा:
शर्वरी, 'भेटायला येत नाही' हे फार खरं.

थोडं अवांतर. दहाव्याचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे आजोबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी कंटाळले, दर्भाचा कावळा करायची भाषा सुरू झाली. शेवटी मोठे काका पिंडासमोर हात जोडून म्हणाले, अण्णा, धाकट्याशी मी बोलेन, वर्ष झालं बोललो नाही, पण बोलेन. तेवढ्यात कावळा शिवला. मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवत नाही. पण काका ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोलले आणि धाकटे काका तिथेच उभे होते. कोविडमध्ये २०२१ ला माझा मावसभाऊ गेला तेव्हा यातलं काहीच झालं नाही. मावशी अजून त्याचा डबा घासून ठेवते.

माळावरची:
केतकी, अवांतर नाही, माझ्या मते हाच विषय आहे. आपल्याकडे पूर्वी दुखण्याला जागा होत्या. पहाटे जात्यावर बसलं की बाई ओवीत सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू, सगळं गायची, आणि समोर दुसरी बाई खुंट्याला हात लावून ऐकायची. समोरासमोर बोलता आलं नसतं ते दळताना गाता यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त भरल्या, आता ऑनलाइन ऐकायलाही मिळतात. गिरणी आली, पाठीची सुटका झाली ते उत्तमच झालं, जातं परत आणा असं मी मुळीच म्हणत नाही. पण समोर बसून ऐकणारी बाईही गेली त्याचबरोबर.

जोशीकाका_मिरज:
हे पटलं. माझी आई जात्यावर जे गायची ते वडिलांना ऐकू जायचं. ते अंथरुणावर जागे असायचे, उठायचे नाहीत.

धाकटा_भाऊ:
फारसं लिहीत नाही इथे, पण आज राहवेना. मी त्या घरातला 'दादा' आहे. म्हणजे मृण्मयीताईंचा नव्हे, पण तसाच एक, फक्त आमच्यात ताई मोठी. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी ताईची शिकवणीची कमाई आणि आईच्या पाटल्या गेल्या. ताई बारावीनंतर घरीच राहिली. आम्ही यावर कधी बोललो नाही. दर भाऊबीजेला मी महागातली साडी घेऊन जायचो आणि ती 'कशाला रे एवढी' म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी ओवाळून झाल्यावर मी म्हणालो, ताई, माझ्यासाठी तुझं राहिलं, मला माहीत आहे. ती काहीच बोलली नाही. ताट उचललं आणि आत गेली. मला वाटलं दुखावली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. मग चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, मला शिक्षिका व्हायचं होतं, तुला माहीत होतं का? मला नव्हतं माहीत. रात्री भावोजी झोपायला गेले, मुलं झोपली, ती बोलत राहिली. कॉलेजचा फॉर्म तिने भरून ठेवला होता, तो कपाटातल्या पेपराखाली होता म्हणे.

मी काही परत देऊ शकत नाही. पण मृण्मयीताई, एक सांगतो, तुमच्या दादाला माहीत असतं. आम्हाला माहीत असतं. विषय कसा काढायचा ते कळत नाही.

मृण्मयी_वाई:
धाकटा भाऊ, हे वाचून काय झालं ते लिहिता येत नाहीये. नंतर लिहिते.

सह्यवेडा:
💯 मित्रा.

पाऊसवेळ:
नवीन आहे. सगळे आतून शांत होण्याबद्दल बोलताय, मला तर काही महिने काहीच वाटत नाही. झोप येत नाही, जेवण जात नाही, कशासाठी उठायचं तेच कळत नाही. लक्ष द्यायला गेलं तर आत फक्त अंधार. यावर काय?

शर्वरी_समुपदेशक:
पाऊसवेळ, इथे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. तुम्ही सांगताय ते एकट्याने वही घेऊन बसण्यातलं नाही, ध्यानाला बसण्यातलंही नाही. इतके महिने झोप आणि भूक गेली असेल तर डॉक्टरांना भेटायला हवं, औषधाची गरज लागली तर तीही घ्यायची, त्यात कमीपणा काही नाही. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आज रात्रीच करा. जगायलाच नको असं मनात येतंय का? येत असेल तर आत्ता घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा आणि ११२ ला किंवा जवळच्या हॉस्पिटलला जायला मागेपुढे बघू नका. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अवनी_डोंबिवली:
पाऊसवेळ, मलाही व्यनि करा, कधीही. रात्री उशिरापर्यंत जागी असते.

निशिकांत_एम:
आणि फोन लावून झाला की इथे फक्त एक टिंब टाका. वाट बघतोय.

पाऊसवेळ:
. 
लावला. बाई चांगल्या बोलल्या. उद्या बहिणीबरोबर डॉक्टरकडे जातेय.

केतकी_केवडा:
❤️❤️

मृण्मयी_वाई:
पाऊसवेळ, बहिणीला सोडू नका, बरोबर न्याच.

माझं सांगते. अप्पांना सांगितलं नाही आणि सांगणार नाही असं सध्या तरी ठरवलंय. त्यांना नीट ऐकू येत नाही, हे मोठ्याने ओरडून सांगायची गोष्ट नव्हे. नवऱ्याला सांगितलं, पोळ्यांसकट सगळं. त्याला वाटत होतं मी आवडीने डीएड केलं! एवढ्या वर्षांत मीच तसं भासवलं होतं.

दादाला फोन केला. धाकट्या भावाचा प्रतिसाद नुसता वाचून दाखवला, बाकी काही म्हणाले नाही. पलीकडे बराच वेळ शांतता, मग म्हणाला, रविवारी येतो, एकटाच येतो. आला की काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. पोटात गोळा आहे, पण तो कसला आहे ते या वेळी मला नीट सांगता येतंय, भीती आहे. जपाला बसले तर मध्ये अजूनही ओटा येतो. येऊ दे म्हणते, थोडा वेळ त्याच्याकडे बघते आणि पुढचा मणी ओढते.

जोशीकाका_मिरज:
बेटा, दादा येईल तेव्हा स्वयंपाकात अडकून पडू नकोस. बाहेरून मागव काहीतरी.

सह्यवेडा:
काकांना अनुमोदन. 

आणि अवनी, एक विचारायचं होतं. आईला मी काल म्हटलं की बाबांबद्दल तुला लिहावंसं वाटलं तर लिही, मी वाचणार नाही. नाही म्हणाली. पण आज सकाळी मला दुकानातून दोनशे पानी वही आणायला सांगितली, कपड्यांची मापं लिहायला म्हणे. रेघांची आणू की कोरी?

अवनी_डोंबिवली:
रेघांची. आणि पेन दोन आणा, एक मशीनपाशी राहू दे.